न्यायाधीशाला घरी कोण पाठवू शकतं?

१४ मार्च २०२५ च्या रात्री दिल्लीत न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या सरकारी बंगल्याच्या आवारातल्या एका खोलीला आग लागली. आग विझवायला गेलेल्यांना तिथे जळक्या नोटा दिसल्याचं पुढे आलं. वर्मांनी आरोप नाकारले. पण तेव्हापासून एक प्रश्न सगळीकडे विचारला जातो: एखाद्या कारकुनावर असा आरोप झाला असता तर तो दुसऱ्या दिवशी निलंबित झाला असता, मग न्यायाधीशाला का नाही?

याचं उत्तर न्यायाधीश कोणत्या कोर्टाचा आहे यावर अवलंबून आहे. नागपूरकरांना हे नकाशावरच दाखवता येईल. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाचं न्यायमंदिर आहे, मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे आणि विधानभवनही आहे. न्यायमंदिरातल्या न्यायाधीशाची नोकरी हायकोर्टाच्या हातात असते. खंडपीठातल्या न्यायमूर्तींची नोकरी फक्त दिल्लीतली संसद घेऊ शकते. आणि विधानभवनातल्या आमदारांना हायकोर्टाच्या न्यायमूर्तींच्या कामकाजातल्या वर्तनावर साधी चर्चा करायचीही मुभा नाही. घटनेच्या कलम २११ ने ती बंद केली आहे. डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात मोर्चे कितीही निघोत, या विषयावरचं निवेदन तिथे देऊन काही उपयोग नाही.

खालच्या कोर्टात: डीई, सीआर आणि पन्नाशी

दिवाणी न्यायाधीश, न्यायदंडाधिकारी, जिल्हा न्यायाधीश या सगळ्यांवर कलम २३५ प्रमाणे हायकोर्टाचं नियंत्रण असतं. बदली, बढती, रजा, शिस्त, सगळं तिथूनच. सरकारला मध्ये पडता येत नाही. काढून टाकण्याचा आदेश राज्यपालांच्या नावाने निघतो, पण तो हायकोर्टाच्या शिफारशीवर, आणि ती शिफारस सरकारवर बंधनकारक असते.

तक्रार आली की आधी गुपचूप प्राथमिक चौकशी होते. त्यात तथ्य दिसलं तर आरोपपत्र दिलं जातं आणि विभागीय चौकशी सुरू होते. कोर्टाच्या आवारात तिला 'डीई लागली' असंच म्हणतात. चौकशी अधिकारी बहुधा ज्येष्ठ न्यायाधीश असतो. साक्षीदार येतात, उलटतपासणी होते, अहवाल हायकोर्टाकडे जातो. चौकशी चालू असताना हायकोर्ट निलंबनही करू शकतं. म्हणजे कारकून आणि दिवाणी न्यायाधीश यांत या बाबतीत फार अंतर नाही.

अशा चौकशा पुढे कोर्टात कोसळतात त्या बहुतेकदा पुराव्यापेक्षा पद्धतीच्या चुकीमुळे. कलम ३११ प्रमाणे बाजू मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. आरोप मोघम ठेवला, अहवालाची प्रत दिली नाही, मागितलेली कागदपत्रं दाखवली नाहीत, की केलेल्या मेहनतीवर पाणी पडतं. फौजदारी खटल्यात दोषी ठरलेल्या न्यायाधीशाच्या बाबतीत मात्र ही चौकशी टाळता येते.

शिक्षांमध्येही फरक आहे. सेवेतून काढून टाकलेल्याला पुढे दुसऱ्या सरकारी नोकरीचा रस्ता सहसा खुला राहतो, बडतर्फ केलेल्याला तो बंद होतो.

याशिवाय एक वाट आहे, आणि तिच्याबद्दल वकिलांच्या बाहेर फारशी चर्चा होत नाही. महाराष्ट्रात खालच्या कोर्टाचे न्यायाधीश ६० व्या वर्षी निवृत्त होतात. त्याआधी वयाच्या ५०, ५५ आणि ५८ व्या वर्षी हायकोर्ट त्यांची संपूर्ण सेवा तपासतं: निकालांचा दर्जा, किती प्रकरणं निकाली काढली, गोपनीय अहवाल म्हणजे सीआर आणि त्यातला सचोटीचा रकाना. पुढे ठेवण्यासारखा न्यायाधीश नाही असं ठरलं तर तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन सक्तीने निवृत्त केलं जातं. पेन्शन मिळते. कायद्याच्या नजरेत ही शिक्षा नाही, म्हणून आरोपपत्र नाही आणि साक्षीदारही नाहीत. लाच सिद्ध करणं कठीण, पण सचोटीबद्दल वर्षानुवर्षे वाईट शेरे आहेत, अशा ठिकाणी हीच वाट वापरली जाते. तिची दुसरी बाजूही पाहावी लागते. एखाद्या वरिष्ठाच्या रागातून लिहिला गेलेला शेरा पन्नाशीत माणसाचं करिअर संपवू शकतो. त्याविरुद्ध दाद मागायची तर जायचं कुठे? त्याच हायकोर्टात, फक्त न्यायिक बाजूला, म्हणजे याचिका करून.

हायकोर्टाचा न्यायमूर्ती: दोन सभागृहं, एक अधिवेशन

हायकोर्टाचे न्यायमूर्ती ६२ व्या आणि सुप्रीम कोर्टाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. त्याआधी त्यांना काढायला कलम १२४ (४) लागतं, आणि कलम २१७ व २१८ मुळे तीच पद्धत हायकोर्टालाही लागू होते. कारणं दोनच: सिद्ध झालेली गैरवर्तणूक किंवा अक्षमता. बातम्यांमध्ये ज्याला महाभियोग म्हणतात ती हीच प्रक्रिया, आणि तिचे तपशील न्यायाधीश चौकशी कायदा, १९६८ मध्ये आहेत.

सुरुवात सह्यांपासून होते. लोकसभेत किमान १०० किंवा राज्यसभेत किमान ५० खासदारांच्या सह्यांची सूचना लागते. ती लोकसभा अध्यक्षांकडे किंवा राज्यसभा सभापतींकडे जाते, आणि ते ती नाकारूही शकतात. एप्रिल २०१८ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची सूचना सभापती व्यंकय्या नायडू यांनी फेटाळली, तेव्हा प्रकरण तिथेच थांबलं. बरेच वाचक इथे गोंधळतात. सह्या गोळा झाल्या म्हणजे प्रक्रिया सुरू झाली असं नाही, सूचना दाखल करून घेतल्यावर ती सुरू होते.

सूचना स्वीकारली की तिघांची समिती नेमली जाते: सुप्रीम कोर्टाचा एक न्यायाधीश, एखाद्या हायकोर्टाचा मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत विधिज्ञ. समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. समन्स काढणं, शपथेवर साक्ष घेणं, कागदपत्रं मागवणं हे सगळं ती करते. न्यायाधीशाला आरोपांची प्रत मिळते, उत्तर देता येतं, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते. समितीने निर्दोष ठरवलं तर विषय संपला, संसदेत मतदानच होत नाही. दोषी ठरवलं तरच ठराव सभागृहापुढे येतो. एरवी न्यायाधीशांच्या वर्तनावर संसदेतही बोलता येत नाही (कलम १२१). फक्त या ठरावाच्या वेळी ती बंदी उठते.

आता मतांचा हिशेब. प्रत्येक सभागृहात दोन अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मतं, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर पहिली अट म्हणजे किमान २७२ मतं. राज्यसभेच्या २४५ जागांवर किमान १२३. सगळेच्या सगळे मतदानाला आले तर दोन तृतीयांशाची अट वर चढते: लोकसभेत ३६२ आणि राज्यसभेत १६४. दोन्ही सभागृहांचं हे काम एकाच अधिवेशनात उरकून ठराव राष्ट्रपतींकडे जायला हवा.

विरोधात शून्य मतं, तरीही ठराव पडला

पहिली अट किती जड आहे हे ११ मे १९९३ ला दिसलं. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी आधी पंजाब-हरियाणा हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. तिथल्या काळात निवासस्थानावर आणि सामानसुमानावर सरकारी पैसा उधळल्याचे आरोप त्यांच्यावर होते. १९९१ मध्ये १०८ खासदारांनी सूचना दिली. समितीत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि ओ. चिनप्पा रेड्डी होते. मधल्या काळात लोकसभा विसर्जित झाली, तेव्हा सूचनाच रद्द झाली का असा वाद निघाला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लोकसभा गेली तरी सूचना जिवंत राहते. समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचं म्हटलं.

लोकसभेत रामस्वामींच्या वतीने कपिल सिब्बल कित्येक तास बोलले. मतदान झालं. बाजूने १९६, विरोधात एकही नाही आणि तटस्थ २०५. मत देणाऱ्यांपैकी शंभर टक्के बाजूने असल्यामुळे दोन तृतीयांशाची अट आरामात पूर्ण झाली होती. ठराव पडला तो एकूण सदस्यसंख्येच्या निम्मी मतं न मिळाल्यामुळे. काँग्रेसचे सदस्य तटस्थ राहिले होते. नाही म्हणायचं पाप कोणाच्याही डोक्यावर आलं नाही आणि न्यायमूर्ती १९९४ मध्ये रीतसर निवृत्त झाले. माझ्या मते या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी गळती इथेच आहे: चौकशी न्यायाधीश करतात, आणि शेवटचा शब्द पक्षाच्या व्हिपकडे जातो.

मग आजवर कोणी गेलंच नाही का?

संसदेच्या ठरावाने स्वतंत्र भारतात घटना लागू झाल्यापासून कोणीही गेलेलं नाही. १९४९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती एस. पी. सिन्हा यांना काढलं गेलं होतं, पण ते १९३५ च्या कायद्याखाली, फेडरल कोर्टाच्या चौकशीनंतर.

ठरावाच्या सावलीत राजीनामे मात्र आले. कलकत्ता हायकोर्टाचे सौमित्र सेन यांच्यावर, वकील असताना कोर्टाचे रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) म्हणून हाती आलेली रक्कम वळती केल्याचा आरोप होता. १८ ऑगस्ट २०११ ला राज्यसभेने ठराव मंजूर केला. सेन यांनी सभागृहात स्वतः बाजू मांडली होती. लोकसभेची पाळी येण्याआधी, १ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी सिक्कीम हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. दिनकरन यांनीही चौकशी चालू असताना राजीनामा दिला.

राजीनामा देणं सोपं आहे: राष्ट्रपतींच्या नावे सहीचं पत्र. ते कोणी मंजूर करावं लागत नाही. पुढची तारीख घातली असेल तर त्या तारखेपर्यंत मागेही घेता येतं, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये स्पष्ट केलं. अर्थात प्रत्येक राजीनाम्यामागे गैरवर्तन शोधू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती रोहित देव यांनी भर कोर्टात राजीनामा जाहीर केला, तिथे असा काही प्रश्न नव्हता.

एक दार आणखी आहे. हायकोर्टात अनेक न्यायमूर्ती आधी 'अतिरिक्त' म्हणून, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमले जातात (कलम २२४). मुदत संपली आणि कायम केलं नाही तर संसदेची गरजच पडत नाही. नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांच्या बाबतीत हे घडलं. जानेवारी २०२१ मधले त्यांचे पोक्सो कायद्याखालचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) निकाल देशभर गाजले. त्यानंतर कॉलेजियमने, म्हणजे न्यायमूर्तींच्या नेमणुका सुचवणाऱ्या सुप्रीम कोर्टातल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाने, त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली, एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती संपता संपता त्यांनी राजीनामा दिला. गैरवर्तनाची चौकशी नाही, ठराव नाही. पुढे पेन्शनचा वाद झाला, तेव्हा २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने राजीनामा दिलेल्या न्यायमूर्तींनाही पेन्शनचा हक्क असल्याचं मान्य केलं. कोंडीत सापडलेला न्यायाधीश शेवटच्या क्षणी राजीनामा का देतो, याचं एक व्यावहारिक कारण यात दिसतं.

बंद दाराआडची चौकशी

संसदेपर्यंत जाण्याआधी न्यायसंस्थेची स्वतःची एक पद्धत आहे, १९९९ पासूनची. तिचं मूळ मुंबईत आहे. १९९५ मध्ये मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तींविरुद्ध वकील संघटना उभ्या राहिल्या, त्यांनी राजीनामा दिला, आणि त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने घरातल्या घरात चौकशीची कल्पना मांडली.

हायकोर्टाच्या न्यायमूर्तीबाबत गंभीर तक्रार आली तर सरन्यायाधीश दोन इतर हायकोर्टांचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक हायकोर्ट न्यायाधीश अशी समिती नेमतात. आरोप खरे आणि गंभीर निघाले तर राजीनामा द्या किंवा स्वेच्छेने निवृत्त व्हा असं सुचवलं जातं. नाही ऐकलं तर न्यायालयीन काम काढून घेतलं जातं आणि राष्ट्रपती व पंतप्रधानांना कळवलं जातं. पदावरून काढायचा अधिकार या समितीला नाही. वर्मांच्या बाबतीत हेच झालं: समिती, काम काढून घेणं, अलाहाबादला बदली, राष्ट्रपती-पंतप्रधानांना अहवाल. त्यांनी या पद्धतीलाच आव्हान दिलं, तेव्हा सरन्यायाधीश असलेले आपले भूषण गवई त्या सुनावणीपासून बाजूला झाले. दुसऱ्या पीठाने ७ ऑगस्ट २०२५ ला आव्हान फेटाळलं. पाच दिवसांनी लोकसभा अध्यक्षांनी १४६ खासदारांच्या सूचनेवर कायद्याखालची समिती नेमली.

आजारी किंवा असमर्थ न्यायाधीश

अक्षमतेचा आरोप झाला आणि न्यायाधीशाने तो नाकारला, तर अध्यक्ष किंवा सभापती वैद्यकीय मंडळ नेमू शकतात. न्यायाधीशाने तपासणीलाच नकार दिला तर मंडळ तसं लिहून देतं, आणि समिती तो अक्षम आहे असं गृहीत धरू शकते. कायद्यातली ही तरतूद कडक आहे, पण तिच्या जोरावर आजवर कोणाला काढण्यात आलेलं नाही. प्रत्यक्षात गंभीर आजारी न्यायमूर्ती रजेवर जातात, मुख्य न्यायमूर्ती त्यांना हलकं काम देतात किंवा ते स्वतः निवृत्ती घेतात. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीला पूर्ण सेवा न होता प्रकृतीमुळे निवृत्त व्हावं लागलं तर वैद्यकीय प्रमाणपत्रावर पेन्शन मिळते.

अपंगत्व म्हणजे अक्षमता नव्हे, हेही इथे सांगायला हवं. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दृष्टिहीन उमेदवारांना न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही असा निकाल दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला त्या कारणावरून काढता येत नाही.

'निकालच चुकीचा दिला, मग काढा की!'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. जामठ्याच्या मैदानावर अंपायरने चुकीचा पायचीत दिला तर रिव्ह्यू घेतात, त्याने सट्टेवाल्याकडून पैसे घेतले तर त्याला पॅनेलवरून काढतात. चुकीच्या निकालासाठी अपील आहे. गनेडीवालांचा तो गाजलेला निकालही सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अपिलातच रद्द केला. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांबाबतही सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पुन्हा बजावलं की आदेश चुकला एवढ्यावर शिस्तभंगाची कारवाई करू नये. आदेशामागे पैसा, नातं किंवा दुसरा स्वार्थ असल्याचं दिसायला हवं. नाहीतर जामीन देताना प्रत्येक दंडाधिकारी आधी स्वतःच्या नोकरीचा विचार करील, आणि तसं थोडंफार आजही होतंच.

'सुप्रीम कोर्टच का काढत नाही? पोलीस का पकडत नाहीत?'

सुप्रीम कोर्टाला तो अधिकारच नाही. २०१७ मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सी. एस. कर्णन यांना सात न्यायमूर्तींच्या पीठाने अवमानासाठी सहा महिने कैदेची शिक्षा दिली. तरीही ते निवृत्तीच्या दिवसापर्यंत कागदोपत्री न्यायमूर्तीच राहिले आणि त्यांना अटक झाली ती निवृत्त झाल्यावर.

गुन्ह्याच्या बाबतीत १९९१ च्या वीरस्वामी निकालाने ठरलं की उच्च न्यायालयांचे न्यायाधीशही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतात. मात्र सरन्यायाधीशांचा सल्ला घेतल्याशिवाय गुन्हा नोंदवता येत नाही. सूडबुद्धीच्या तक्रारींपासून ही ढाल हवी. पण ती इतकी जाड झाली आहे की खरी तक्रारही तिच्यापलीकडे क्वचितच पोचते.

ही सगळी प्रक्रिया एवढी अवघड का, याचं उत्तर आणीबाणीत आहे. १९७६ मध्ये हायकोर्टांच्या १६ न्यायाधीशांची बदली झाली, त्यांत सरकारला न आवडणारे निकाल देणारेही होते. फक्त बदलीचा अधिकार हातात असताना एवढं झालं. सरकारला न्यायाधीश काढताही आला असता तर काय झालं असतं?

तक्रार करायची तर

न्यायमंदिरातल्या किंवा तालुका कोर्टातल्या न्यायाधीशाविरुद्ध तक्रार असेल तर ती प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा मुंबई हायकोर्टाच्या रजिस्ट्रार जनरलकडे करावी. २०१४ पासून अशा तक्रारीसोबत शपथपत्र आणि पडताळता येईल असा मजकूर असावा अशी अपेक्षा आहे. निनावी पत्रं बहुतेक फाईलबंद होतात. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींविरुद्धची तक्रार हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे किंवा भारताच्या सरन्यायाधीशांकडे जाते. कायदा मंत्रालयाकडे पाठवली तरी मंत्रालय ती तिकडेच वळवतं.

तक्रारीत तारीख, प्रकरण क्रमांक, कोर्टात नेमकं काय बोललं किंवा केलं गेलं, तिथे कोण हजर होतं आणि कोणता कागद जोडला आहे हे लिहावं. निकालाविरुद्धचे मुद्दे त्यात घालू नयेत. ते घातले की तक्रार अपिलाचा विषय आहे असा शेरा मारून बंद करणं सोपं जातं, आणि अपिलाची मुदत तोवर निघून गेलेली असते. म्हणून दोन्ही करायचं असेल तर अपील आधी, मुदतीत दाखल करावं आणि तक्रार वेगळी द्यावी.